वाचायचं, पण उलगडायचं नाही

लोट नावाच्या माणसाच्या घराला गावगुंडांनी वेढा घातला, तेव्हा आलेल्या पाहुण्यांना वाचवण्यासाठी तो स्वतःच्या दोन कुमारिका मुली जमावापुढे करायला निघाला होता. अब्राहाम तर देवाने निवडलेला माणूस. त्याने जिवाच्या भीतीने बायकोला ‘ही माझी बहीण’ म्हणून राजाच्या अंतःपुरात जाऊ दिलं, आणि तेही दोनदा. त्याचा नातू याकोब याने आंधळ्या बापाला फसवलं. याकोबाच्या मुलांनी धाकट्या भावाला विकून टाकलं, थोरल्याने बापाच्या बायकोशी संग केला. दावीद राजाच्या मुलाने सावत्र बहिणीवर बलात्कार केला आणि राजा नुसता रागावला.

ही यादी कुणा निंदकाने जमवलेली नाही. हिब्रू पवित्र शास्त्रात हे सगळं जसंच्या तसं आहे, आणि ज्यांच्या पूर्वजांची ही कर्मं, त्यांनीच ते पिढ्यान्पिढ्या हाताने नकलून जपलेलं आहे. अवघड जागा आहे ती इथेच. वंशावळ लिहिणारा भाट सहसा असली पानं गाळतो.

शहापूर-मुरबाडकडच्या सप्ताहाच्या मांडवात बसणाऱ्या श्रोत्याला ही अडचण परकी वाटायची नाही. किन्हवली असो की टोकावडे, धर्मराजाने द्रौपदी पणाला लावली इथवर कथा आली की बुवांना थांबून काहीतरी बोलावं लागतं. मृदंगावर थाप मारून पुढे सरकता येत नाही, कारण समोर अर्धा मांडव बायकांचा असतो. कुणी म्हणतं, ती देवाची लीला. कुणी म्हणतं, कलीचा प्रभाव. आणि एखादा बुवा सरळ म्हणतो, धर्मराज चुकला. या तिसऱ्या वाक्याला मांडवात जी चुळबुळ होते, ती मोलाची असते.

हिब्रू शास्त्रातल्या असल्या कथांचं मराठीतलं निरूपण शोधायला फार लांब जावं लागत नाही. आसनगावहून लोकल धरली की तासाभरात ठाणं. टेंभी नाक्याजवळ १८७९ साली बांधलेलं ‘शाआर हाशामाइम’, म्हणजे स्वर्गाचं द्वार, हे बेने इस्रायलींचं प्रार्थनास्थळ आहे. बेने इस्रायल म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे यहुदी. अलिबागजवळ नावगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं आणि त्यातून सात जोडपी वाचली, अशी त्यांची परंपरेने आलेली कथा. तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. आडनावं किहीमकर, राजपूरकर, दिवेकर, अष्टमकर अशी गावांवरून पडलेली. शब्बाथ, सुंता, खाण्यापिण्याचे नियम आणि ‘शमा’ ही प्रार्थना एवढं त्यांनी शेकडो वर्षं धरून ठेवलं होतं. ग्रंथ मात्र हाताशी नव्हते. ते आले एकोणिसाव्या शतकात, तेही बरेचसे मराठीतून. मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ साली हिब्रूचं व्याकरण मराठीत छापलं, अमेरिकन मिशनने कोकणात शाळा काढल्या, त्यांत बेने इस्रायली मुलंही होती आणि मास्तरही. मिशनऱ्यांना धर्मांतरं हवी होती, ती फारशी झाली नाहीत. उलट या मंडळींना आपलाच धर्म नीट वाचायला मिळाला. जोसेफ इझिकिएल राजपूरकर यांनी पुढे हिब्रू प्रार्थनापुस्तकं मराठीत आणली.

आणि १८८०च्या सुमारास मुंबईत काही बेने इस्रायली मंडळींनी कीर्तन उचललं. बेंजामिन सॅमसन अष्टमकर हे त्यांतलं मोठं नाव. पूर्वरंग, उत्तररंग, ओवी, साकी, दिंडी, सगळा थाट आपल्या नारदीय कीर्तनाचा. आख्यान मात्र अब्राहामाचं नाहीतर योसेफाचं. नुसतं वाचन केलं तर वाचणारा अर्थाची जबाबदारी ग्रंथावर ढकलून मोकळा होतो. कीर्तनकाराला ती सोय नाही. तो उभा राहून निरूपण करतो, म्हणजे त्याला बाजू घ्यावीच लागते.

योसेफाचं आख्यान घेतलं तर बाजू कुणाची घ्यायची हा प्रश्न योसेफाच्या जन्माच्या कितीतरी आधी सुरू होतो. एसाव आणि योसेफाचा बाप याकोब हे जुळे भाऊ, एसाव थोरला. एसाव रानातून भुकेने कासावीस होऊन आला. याकोबाने मसुरीचं कालवण शिजवलं होतं. ‘आधी थोरलेपणाचा हक्क मला दे’ म्हणाला, शपथ घ्यायला लावली आणि मग वाटी पुढे केली. आपल्याकडे जमिनीला भाव आला की तलाठ्याच्या दफ्तरातून जुनी हक्कसोडपत्रं बाहेर निघतात. कुणी, कुठल्या अडचणीत, कशावर सही केली होती हे मग भावाभावांत उगाळलं जातं. एसावाचा सौदा त्याच जातीचा. कागद पक्का, व्यवहार खोटा.

पुढे बाप इसहाक आंधळा झाला. मरणापूर्वी थोरल्याला आशीर्वाद द्यायचा म्हणून त्याने एसावाला शिकारीला पाठवलं. आई रिबकाने याकोबाला दोन करडं मारून आणायला सांगितलं, त्यांचं मटण रांधलं, आणि एसाव केसाळ म्हणून करडांची कातडी याकोबाच्या हाताला-मानेला गुंडाळली. बापाने चाचपून पाहिलं आणि आशीर्वाद देऊन टाकला. इथे ग्रंथ याकोबाला एका शब्दाने दोष देत नाही. वाचणारा वाट पाहत राहतो, आता देव बोलेल. देव बोलतो तेव्हा उलट याकोबाला अभयच देतो.

मग काय, फसवणूक पचली?

पुढची पानं उलटावी लागतात. याकोब मामाकडे पळाला, मामाची धाकटी मुलगी राहेल हिच्यासाठी सात वर्षं राबला. लग्नाच्या रात्री अंधारात मामाने थोरली लेआ आत पाठवली. सकाळी याकोब भांडायला गेला, तर मामा लाबान शांतपणे सांगतो की थोरलीच्या आधी धाकटीला द्यायची आमच्याकडे रीत नाही. थोरल्याची जागा बळकावून आलेल्या माणसाला हे ऐकवलं जातंय! जुन्या रब्बींनी, म्हणजे यहुदी धर्मगुरूंनी, मिद्राशात, म्हणजे शास्त्रावरच्या आपल्या निरूपणात, हा प्रसंग आणखी रंगवला आहे: याकोब लेआला फसवणुकीबद्दल बोल लावतो, तेव्हा ती म्हणते, गुरू तुम्हीच, बापाने एसावाला हाक मारली तेव्हा ओ कुणी दिली होती?

अजून हिशेब बाकी आहे. बऱ्याच वर्षांनी याकोबाच्या मुलांनी लाडक्या योसेफाला खड्ड्यात टाकून विकलं, एक बोकड मारला, योसेफाचा अंगरखा त्या रक्तात बुडवला आणि बापापुढे धरून विचारलं, ओळखा, तुमच्या मुलाचा आहे का? बाप ऊर बडवून रडला. करडाच्या कातड्याने ज्याने बाप फसवला, त्याला मुलांनी बोकडाच्या रक्ताने फसवलं. ग्रंथात कुठेही ‘हे त्याचं फळ’ असं वाक्य नाही. निवाडा कथेच्या बांधणीतच आहे, आणि तो सावकाश वाचणाऱ्यालाच दिसतो. रॉबर्ट ऑल्टर या अमेरिकन अभ्यासकाने १९८१ सालच्या पुस्तकात ही वीण आधुनिक वाचकांपुढे उलगडून दाखवली; रब्बींच्या नजरेला ती दीड हजार वर्षांपूर्वीच आली होती.

लगेच पुढच्या अध्यायात योसेफाचा भाऊ यहूदा आणि त्याची सून तामार येतात. योसेफाला विकायची कल्पना याच यहूदाची. त्याचे दोन मुलगे मेले, दोघांची बायको तामार. रिवाजाप्रमाणे तिसऱ्या मुलाशी तिचा संबंध जोडून द्यायला हवा होता. यहूदाने ‘पोरगा मोठा होऊ दे’ म्हणून तिला माहेरी धाडलं आणि विसरून गेला. ना सासर, ना दुसरं लग्न. शेवटी तिने बुरखा घेऊन वाटेवर बसून सासऱ्याकडूनच गर्भ धारण केला. मोबदला म्हणून त्याने एक करडू कबूल केलं, तोवर गहाण म्हणून आपली मुद्रा, तिची दोरी आणि काठी ठेवली. तीन महिन्यांनी सून गरोदर असल्याचं कळताच यहूदा म्हणाला, बाहेर काढा, जाळून टाका. तिने चारचौघांत नाव घेतलं नाही. वस्तू पाठवल्या आणि विचारलं, ओळखा, कुणाच्या आहेत? बापापुढे रक्ताळलेला अंगरखा धरून विचारलेला प्रश्न आता यहूदाच्या दारात आला. तो म्हणाला, ती माझ्यापेक्षा खरी आहे.

केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून सबंध बायबल साध्या मराठीत उतरवलं. १९२२ साली मृत्यूपूर्वी काम पुरं झालं आणि १९२४ साली ते छापून निघालं. हिब्रू त्या उतारवयात शिकल्या होत्या. मिशनच्या छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या तिथल्याच बायका, त्यांत विधवा, टाकलेल्या, दुष्काळात निराधार झालेल्या. माहेरी धाडून विसरलेल्या विधवेची ही गोष्ट त्यांच्या हातांखालून गेली. तामारेचं वागणं बरं की वाईट यावर मोठमोठ्या पंडितांनी पानं खर्ची घातली आहेत. मला वाटतं, तिचा निकाल त्या छापखान्यात पटकन लागला असता.

यहूदा तिथे थांबत नाही. पुढे दुष्काळात भाऊ मिसरला धान्याला जातात, योसेफ तिथे मोठा अधिकारी झालेला असतो. तो ओळख देत नाही आणि धाकट्या बन्यामीनला चोरीच्या आळात अडकवून ठेवून घेतो. पूर्वीसारखाच पेच: बापाचा लाडका मुलगा मागे टाकून घरी जायचं का? यहूदा पुढे होतो, म्हणतो, याच्याऐवजी मला गुलाम ठेवा. बाराव्या शतकातल्या मैमोनिडीस या यहुदी पंडिताने खऱ्या पश्चात्तापाची कसोटी सांगितली आहे: तेच पाप करण्याची तीच संधी पुन्हा यावी, अंगात ताकदही असावी, आणि माणसाने ते करू नये. योसेफ भावांना छळतो असं वरवर वाचणाऱ्याला वाटतं. या कसोटीने वाचलं की तो त्यांना ती संधी देत होता हे कळतं. मात्र बापाला इतकी वर्षं निरोप का धाडला नाही, हे कोडं त्यानेही सुटत नाही. रामबान या शास्त्राच्या टीकाकाराने तेराव्या शतकात त्यावर बरंच डोकं खपवलं.

सगळे टीकाकार इतके सरळ नव्हते. पूर्वजांची बाजू सावरण्याचा मोह तिथेही मोठा. याकोबाच्या थोरल्या मुलाने, रऊबेनने, बापाची उपपत्नी बिल्हा हिच्याशी संग केला असं ग्रंथ एका ओळीत सांगतो. तल्मूदमध्ये, म्हणजे रब्बींच्या चर्चांच्या संग्रहात, मत नोंदलेलं आहे की ‘रऊबेनने पाप केलं’ म्हणणारा चुकतो. त्याने फक्त बापाचं अंथरूण हलवलं, कारण राहेलच्या मृत्यूनंतर बापाने आईचा मान डावलून बिल्हाच्या तंबूत बिछाना टाकला होता. लगोलग दावीदाबद्दलही तसंच. सैन्यातल्या उरीयाची बायको बथशेबा राजाने भोगली, उरीयाला आघाडीवर पाठवून मारवलं. त्यालाही तांत्रिक घटस्फोटाची पळवाट शोधून दिली आहे. आपल्याकडे वालीवधाचं समर्थन करताना जी कसरत चालते, तीच ही. वकिली हुशार आहे, पण खुद्द ग्रंथच आरोपीच्या विरुद्ध साक्ष देतो: मरताना याकोब रऊबेनला त्याच कृत्याबद्दल शिव्याशाप देतो, आणि दावीद नाथान संदेष्ट्यापुढे स्वतःच्या तोंडाने कबुली देतो.

याच्या दुसऱ्या टोकाला वर आलेला रामबान. अब्राहामाची बायको सारा हिने आपली गरोदर दासी हागार हिला इतकं छळलं की ती रानात पळून गेली. रामबान लिहितो की आमच्या आईने इथे पाप केलं आणि अब्राहामाने ते होऊ दिलं म्हणून त्यानेही. ‘आमची आई’ म्हणायचं आणि त्याच दमात तिचं पाप सांगायचं, याला धैर्य लागतं. इरावती कर्व्यांनी ‘युगान्त’मध्ये महाभारतातल्या माणसांना ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेची आठवण होते; फरक इतकाच की रामबान देवघरात बसूनच ते लिहितो.

असल्या कथांचा तिसरा उपयोग म्हणजे भांडणात फेकून मारणं. १८३१ साली मुंबईत विल्सन आणि हिंदू पंडित मोरभट दांडेकर यांचा जाहीर वाद झाला. पुराणांतल्या देवांचं वर्तन हे मिशनऱ्यांचं आवडतं शस्त्र. पण ज्याच्या पिशवीत उत्पत्तीचं पुस्तक आहे त्याने कृष्णाच्या चारित्र्यावर बोट ठेवणं जपून करावं. लोटाच्या मुलींनी गुहेत बापाला दारू पाजून त्याच्यापासून मुलं घेतली, हे त्याच पुस्तकात आहे. असल्या वादांत दोन्हीकडचे लोक एकमेकांचे ग्रंथ फक्त डाग शोधायला वाचतात. आणि गंमत अशी, की त्या लोटाच्या थोरल्या मुलीचा वंश म्हणजे मवाबी लोक, मवाबी स्त्री रूथ, आणि रूथचा पणतू दावीद. म्हणजे राजघराण्याच्या मुळाशी ती गुहा आहे. ग्रंथकर्त्यांना हे लपवता आलं असतं.

लपवावं का, हा प्रश्न त्यांनीही सोडवून पाहिला. इसवी सन २००च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नामध्ये याचे चक्क नियम आहेत. तेव्हा सभेत मूळ हिब्रू वाचत आणि शेजारी उभा असलेला दुभाषी लोकांच्या अरामी बोलीत ते ओळीओळीने सांगत असे. बहुतेक बायाबापड्यांना कळायचं ते त्या दुभाष्याचं. नियम असा: यहूदा-तामारेची कथा वाचावी आणि उलगडूनही सांगावी. रऊबेनची वाचावी, पण उलगडू नये. दावीदाची आणि सावत्र बहिणीवर बलात्कार करणाऱ्या त्याच्या मुलाची, अम्नोनची, वाचूही नये, उलगडूही नये. पुढे तल्मूदमध्ये यावर खल झाला. लोटाच्या मुलींची कथा सांगितली तर लोटाचा काका अब्राहाम याच्या अब्रूचं काय, अशी शंका काढून ती फेटाळली आहे, सांगा. यहूदाची का सांगायची? त्याने कबूल केलं, त्यात त्याची शोभाच आहे. अम्नोनबद्दलही तिथे सांगायच्या बाजूने मत आहे.

मला या यादीत रस वाटतो तो तिच्या विसंगतीमुळे. कबुली दिलेलं पाप चारचौघांत सांगता येतं. एका ओळीत गुंडाळलेलं, कुणीच न निस्तरलेलं पाप सांगताना जीभ अडखळते. खुद्द शास्त्रातही दोन्ही हात दिसतात. शमुवेलाच्या पुस्तकात दावीदाची सगळी लक्तरं आहेत; त्यानंतर लिहिलेल्या इतिहासाच्या पुस्तकात त्याच युद्धाचं वर्णन आहे, पण उरीयाचा खून गायब आणि अम्नोनचं कृत्यही गायब. दोन्ही पुस्तकं एकाच ग्रंथात ठेवली गेली, कुणी एक फाडलं नाही.

अम्नोनची कथा मात्र जवळून वाचायला हवी. अम्नोन आजाराचं सोंग घेतो. ही युक्ती चुलतभाऊ योनादाब सुचवतो. राजा स्वतः निरोप धाडून आपल्या मुलीला, तामारला (हिचंही नाव तामार, पण यहूदाची सून ती वेगळी), भावाकडे पाठवतो. ती त्याच्यासमोर कणीक मळून पोळ्या भाजते. तो नोकरांना बाहेर काढतो. ती बोलते, आणि पुष्कळ बोलते: असं आपल्यात करत नाहीत, मी तोंड कुठे लपवू, राजाला विचार. तो ऐकत नाही, नंतर तिचीच किळस येऊन नोकराला दार लावायला सांगतो. ती डोक्यात राख घालते, कपडे फाडते, मोठ्याने ओरडत रस्त्याने जाते. सख्खा भाऊ अबशालोम विचारतो, अम्नोन होता का? मग म्हणतो, गप्प राहा, तो तुझा भाऊ आहे. दावीद फार संतापतो. हिब्रू पाठ एवढ्यावर थांबतो. जुन्या ग्रीक भाषांतरात, आणि मृत समुद्राजवळच्या गुहांत सापडलेल्या शमुवेलाच्या एका प्रतीत, पुढे कारणही आहे: थोरला म्हणून त्याच्यावर जीव होता. दोन वर्षांनी मेंढ्यांच्या कातरणीच्या मेजवानीत अबशालोम अम्नोनला मारवतो, पुढे बापाविरुद्ध बंड करतो. रब्बींनी हिशेब मांडला की नाथानने दावीदाला ऐकवलेल्या, गरिबाचं कोकरू लुबाडणाऱ्या श्रीमंताच्या दृष्टांतात कोकराची चौपट भरपाई दावीदाने स्वतः बोलून घेतली होती, ती अशी घरातूनच वसूल झाली.

हा हिशेब मला पुरता पटत नाही. त्यात तामारही बापाच्या दंडाचा एक हप्ता होऊन जाते. कथेत पापी एक आणि साथीदार पाच-सहा आहेत, हे मात्र लख्ख दिसतं. दक्षिण आफ्रिकेत पीटरमारित्झबर्गच्या उजामा केंद्राने १९९०च्या दशकापासून नेमकी हीच कथा गावोगावच्या स्त्रियांच्या गटांत वाचायला घेतली. प्रश्न साधे: यातल्या प्रत्येक पुरुषाने काय केलं? तामार कधी काय बोलली? आपल्या मंडळीत अशा तामारी आहेत का? बायका आधी तामारेबद्दल बोलत, मग स्वतःबद्दल. त्यातून तामार मोहीम उभी राहिली. मिश्नाच्या यादीत न वाचण्याच्या रकान्यात टाकलेली कथा इथे मोठ्याने वाचली गेली. ज्यांच्या कानावर पडू नये म्हणून ती झाकली होती, त्यांना त्यातलं काहीच नवीन नव्हतं.

गाळण्याची सवय अजून गेलेली नाही, आणि ती फार सभ्यपणे चालते. यहुदी प्रार्थनास्थळांत शनिवारी तोराच्या, म्हणजे शास्त्रातल्या पहिल्या पाच पुस्तकांच्या, भागाबरोबर संदेष्ट्यांच्या पुस्तकांतला एक उतारा, हाफ्तारा, वाचतात. बहुधा जून-जुलैत, आपल्याकडे आषाढाच्या तोंडावर, इफ्ताहाचा उतारा येतो. इफ्ताह वेश्येचा मुलगा म्हणून सावत्र भावांनी घराबाहेर काढलेला. संकट आल्यावर तेच लोक त्याला सेनापती व्हायला बोलावतात. तो नवस बोलतो, जिंकून परतलो तर माझ्या दारातून जे प्रथम बाहेर येईल त्याचं होमार्पण करीन. तो जिंकतो. शास्ते पुस्तकाच्या अकराव्या अध्यायातली ही ३३वी ओळ. हाफ्तारा इथे संपतो. ३४व्या ओळीत त्याची एकुलती एक मुलगी डफ वाजवत, नाचत दारातून बाहेर येते.

मिद्राशाने मात्र तिला सोडलेलं नाही. तो सांगतो की असला नवस मुळातच रद्द होता, नाहीतर महायाजक पिनहास तो सोडवू शकला असता. पण पिनहास म्हणाला, गरज त्याला, मी कशाला जाऊ? इफ्ताह म्हणाला, मी सेनापती, मी कशाला जाऊ? दोघांच्या मानपानात पोर गेली, आणि दोघांनाही तिच्या रक्ताचा जाब द्यावा लागला. पत्रिकेत नाव आधी कुणाचं, यावरून सप्ताह मोडताना ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे दोघे लगेच ओळखू येतील.

हाफ्तारा लांबवा असं बाहेरच्या माणसाने सुचवणं आगाऊपणाचं. पण कीर्तनाला अशी हद्द कुणी आखून दिलेली नाही. मराठीत कुणी इफ्ताहाचं आख्यान लावलंच, तर पूर्वरंग पिनहासाच्या मानपानावर करावा आणि उत्तररंग ३४व्या ओळीपासून उचलावा.